गालातली पांढरी जाळी आणि एक टक्क्याचं कोडं

गालाच्या आत पांढरी जाळी दिसली, डॉक्टरांनी ‘लायकेन प्लॅनस’ म्हणून सांगितलं, मोबाइलवर शोधलं तर कॅन्सरचा उल्लेख. घाबरायचं का, असं एका वाचक भगिनींनी विचारलं आहे. बहुतेक अभ्यासांत धोका साधारण एक टक्का निघतो, आणि तोही काही वर्षांच्या काळात. पण हा एक टक्का नेमका कुणाचा, यावर कित्येक दशकं वाद चालू आहे.

बायोप्सीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासारखा असतो. तोंडाच्या अस्तराची खालची कड एरवी मऊ लाटांसारखी. इथे तिला करवतीचे दाते फुटलेले असतात. त्या दात्यांना अगदी बिलगून लिम्फोसाइट पेशींचा गडद जांभळा पट्टा. यातल्या टी-पेशी अस्तराच्या तळाच्या पेशींवर तुटून पडतात आणि मेलेल्या पेशींचे गुलाबी गोळे मागे राहतात. त्यांना सिव्हाट बॉडी म्हणतात. मला या सगळ्या चित्रात हे गोळेच सर्वांत बोलके वाटतात: शरीर स्वतःच्याच पेशी मारत असल्याचा तो उघड पुरावा.

तळाच्या पेशी मरत राहिल्या की उरलेल्यांना भराभर विभागावं लागतं, आणि त्या घाईत जनुकीय चुका साचत असाव्यात, असा तर्क आहे. लायकेन प्लॅनसमधून कॅन्सर झाल्याची पहिली नोंद फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ आलोपो यांनी १९१० मध्ये केली.

गोम इथे आहे. पेशींचे आकार-केंद्रकं बिघडलेली अवस्था, म्हणजे डिसप्लासिया, कॅन्सरच्या वाटेवरची. तिच्याखालीही लिम्फोसाइटचा असाच पट्टा जमू शकतो. मग कॅन्सर झालेले ते रुग्ण मुळात लायकेन प्लॅनसचे होते का? क्रुचकॉफ आणि आयझेनबर्ग यांनी १९८५ मध्ये हीच शंका मांडली. २००३ मध्ये सुचवलेल्या सुधारित निकषांत तर डिसप्लासिया असेल तर ते लायकेन प्लॅनस नव्हेच, असं ठरलं. मला हे पटत नाही. धोक्याच्या पेशी व्याख्येतूनच वगळल्या, तर धोका कमी दिसणारच!

या वादात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधन विभागाचं नाव फारसं निघत नाही, याची मला खंत वाटते. फली मेहता आणि कोपनहेगनचे पिंडबोर्ग यांच्या गटाने घरोघर जाऊन हजारो गावकऱ्यांची तोंडं तपासली. १९८६ मध्ये या गटाने ७२२ भारतीय रुग्णांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष छापले: कॅन्सर झाला तिघांना, म्हणजे ०.४ टक्के. रुग्णालयात येणारे मुळातच त्रासलेले असतात, त्यांच्यावरून काढलेला आकडा फुगण्याची भीती असते. गावात मोजलेल्या आकड्याचं मोल म्हणूनच मोठं.

तेव्हा ताई, रिपोर्टमध्ये डिसप्लासियाबद्दल काय लिहिलं आहे ते डॉक्टरांना जरूर विचारा. जाळी लालसर झाली, चिघळली किंवा जिभेच्या कडेवर असेल तर तपासणी चुकवू नका. आणि तंबाखू असेल, तर ती आजच सोडा.