दीर्घ संगीतरचना आणि श्रवणाचा सराव

परकी भाषा प्रथम कानी पडते, तेव्हा तिच्यातील शब्द वेगळे ऐकू येत नाहीत. अखंड ध्वनिप्रवाह तेवढा जाणवतो. बोलणारा प्रत्येक शब्दानंतर थांबत नाही. शब्दांच्या सीमा ऐकणाऱ्यासच शोधाव्या लागतात. सॅफ्रन, ॲस्लिन व न्यूपोर्ट या संशोधकांनी १९९६ मध्ये असे दाखविले की, ८ महिन्यांची बालके कृत्रिम भाषा केवळ २ मिनिटे ऐकून, कोणत्या अक्षरामागून कोणते अक्षर वारंवार येते यावरून शब्द हेरू लागतात. अर्थबोध त्यानंतरचा. दुर्बोध संगीताची गोडी कालांतराने का लागते, हे समजण्यास हा दाखला उपयोगी पडतो.

'येस' या इंग्लंडमधील प्रोग्रेसिव्ह रॉक वाद्यवृंदाची १९७३ मधील 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' ही दोन तबकड्यांची ध्वनिमुद्रिका उदाहरणादाखल घेऊ. तीत चारच रचना असून प्रत्येकीने तबकडीची एक बाजू, म्हणजे सुमारे २० मिनिटे, व्यापली आहे. गायक जॉन अँडरसन यांना ही कल्पना परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातील एका तळटीपेवरून सुचली. श्रुती, स्मृती, पुराण व तंत्र यांचा तीत उल्लेख आहे. तथापि ही नावे परिचयाची असल्याने मराठी श्रोत्याची वाट सुकर होते, असे नाही. येथे रागविस्तार शोधू गेल्यास हाती काही लागत नाही.

प्रस्तुत लेखकास तिसरी रचना प्रथम निव्वळ गोंगाट वाटली. पुढे तालवाद्ये व स्टील गिटार यांचा कर्कश भाग कोठे ओसरतो आणि साध्या गिटारीवरील शांत गीत कोठे सुरू होते, हे कानास कळू लागले. त्या शांततेचे मोल आधीच्या कोलाहलामुळेच आहे, हेही मग उमगले. चौथ्या रचनेत पूर्वीच्या सुरावटी परततात. परंतु जी सुरावट आधी ओळखलीच नाही, तिचे परतणे जाणवणार कसे?

पुष्कळ ऐकले की सर्वच आवडू लागते, असा मात्र याचा अर्थ नव्हे. वृंदातील कीबोर्डवादक रिक वेकमन यांनी या रचना स्वतः वाजविल्या होत्या. तरीही त्यांत मजकूर ताणला गेला आहे, असेच त्यांचे मत होते आणि १९७४ मध्ये त्यांनी वृंद सोडला. हा आक्षेप अपरिचयातून आलेला नव्हता. दुसरी रचना या लेखकासही अद्याप काही ठिकाणी लांबलेली वाटते. फरक इतकाच की, ती ठिकाणे आता दाखविता येतात. पहिल्या श्रवणातील नापसंती श्रोत्याविषयी सांगते. सरावानंतरची नापसंती रचनेविषयी काही सांगू शकते. टीकेचा अधिकार या दुसरीचाच होय.