तान्ह्या पोळ्याचे गणित

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरातील महाल, इतवारीच्या गल्ल्यांतून लाकडी नंदी ओढीत घरोघर फिरणाऱ्या बालकांचा जो तान्हा पोळा भरतो, आणि ज्याची प्रथा भोसल्यांच्या अमदानीपासून चालत आल्याचे सांगतात, त्याची शोभा सर्वांच्याच दृष्टीस पडते. परंतु त्या बालकांच्या मुठीत ‘बोजारा’ म्हणून पडलेल्या नाण्यांचे पुढे काय होते, इकडे ज्याचे लक्ष जाईल त्याला गणिताचा उगमच पाहावयास मिळेल. तीन वर्षांचा मुलगा ओट्यावर नाणी मांडतो, एकेकावर बोट ठेवीत ‘एक, दोन, तीन, चार, पाच’ असे बिनचूक म्हणतो, आणि ‘मग एकंदर किती झाले रे?’ असे आजीने विचारताच उत्तर न देता पुन्हा पहिल्यापासून मोजू लागतो. घरची मंडळी हसतात; मानसशास्त्रज्ञ मात्र येथे थबकतो.

रॉचेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल या दोघांनी १९७८ साली मोजणीची जी पाच तत्त्वे मांडली, त्यांत प्रत्येक वस्तूस एकच संख्यानाम देणे आणि नामांचा क्रम न मोडणे ही दोन तत्त्वे आपल्या या बालकाने आत्मसात केलेली आहेत; शेवटी उच्चारलेले नाम हे त्या एका नाण्याचे नसून सगळ्या समूहाचे आहे, हे तिसरे तत्त्व त्याला अजून उमगलेले नाही. कॅरन विन यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तर असे दिसले की, सरळ मोजता येणारी मुलेही ‘तीन खेळणी दे’ म्हटल्यावर मूठभर उचलून देतात. प्रथम ‘एक’ कळते, काही महिन्यांनी ‘दोन’, मग ‘तीन’, आणि साधारणतः साडेतीन ते चार वर्षांच्या सुमारास मोजणीचे सारे मर्म एकदम हाती येते. तेव्हा शंभरापर्यंत घडाघडा म्हणून दाखविणाऱ्या मुलाचे पाहुण्यांपुढे कौतुक करण्यापूर्वी, त्याच्याकडे चार चिंचोके मागून पाहावेत.

हे मर्म हाती येण्यास खेळ कितपत उपकारक होतो, याचा एक सुबोध प्रयोग गीता रामाणी आणि रॉबर्ट सीगलर यांनी अमेरिकेतील गरीब कुटुंबांतल्या बालकांवर केला व २००८ साली प्रसिद्ध केला. एका सरळ पट्टीवर एक ते दहा अंक लिहिलेली घरे, एक फिरती चकती आणि एक सोंगटी, एवढेच साहित्य; दोन आठवड्यांत जेमतेम चार बैठका. ज्यांनी अंकांच्या घरांवर खेळ केला त्यांना संख्यांची तुलना व अंकांची ओळख लक्षणीय रीतीने साधली, आणि तो लाभ नऊ आठवड्यांनंतरही टिकून होता. ज्यांनी केवळ रंगीत घरांवर हाच खेळ केला त्यांच्यात ही प्रगती दिसली नाही. हे वाचून आपल्या अष्टाचंगाचा अभिमान उफाळून येणे साहजिक आहे. पण त्याला थोडा लगाम घालावा लागतो, कारण अष्टाचंगाच्या घरांवर अंक नसतात, वाट वळणावळणाची असते, आणि याच संशोधकांना पुढे गोलाकार पटाचा गुण सरळ पट्टीपेक्षा कमी आढळला. कवड्यांचे दान मोजणे आणि तितकीच घरे चालणे ही तालीम मात्र त्यात भरपूर आहे. अंगणात खडूने दहा घरे आखून त्यांत अंक लिहिण्यास कोणाच्या मंजुरीची गरज नाही.

अंगणाचा उल्लेख झाला म्हणून ताराबाई मोडकांचे स्मरण करणे प्राप्त आहे. गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन करणाऱ्या या विदुषीने १९४५ मध्ये बोर्डी या खेड्यात मुक्काम हलविला, आणि बालवाडीत मुले येत नाहीत असे पाहून बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. माँटेसरीबाईंची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. तेव्हा शंख-शिंपले, खडे, बिया व पाने यांनाच वर्गीकरणाचे आणि मोजणीचे साहित्य करण्यात आले. त्याच वर्षी नागपूरहून फार दूर नसलेल्या सेवाग्रामातील परिषदेने गांधीजींच्या नयी तालीम शिक्षणाची व्याप्ती शाळापूर्व वयापर्यंत वाढविली. पुढे १९७५ साली सरकारने एकात्मिक बालविकास योजनेचा अंमल सुरू केला, तेव्हा ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर पोचले. नावाबरोबर हजेरीपट, वजनाचे तक्ते आणि आहाराच्या वाटपाचा तपशीलही आला, आणि या दप्तरी कामातून खेळासाठी सेविकेच्या हाती किती वेळ उरतो, हा प्रश्न अद्याप जिवंत आहे.

अक्षरांची गोष्ट याहून नाजूक आहे. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते आणि उच्चारात मागाहून. डोळ्याचा क्रम एक, कानाचा दुसरा. बाराखडी आणि जोडाक्षरे मिळून चिन्हांची संख्या शेकड्यांत जाते. सोनाली नाग यांनी आपल्यासारखीच रचना असलेल्या कन्नड लिपीचा अभ्यास केला, तेव्हा हे अक्षरज्ञान चौथ्या इयत्तेपर्यंत पुरे होत असते असे त्यांना आढळले. असे असता चार वर्षांच्या मुलाकडून वहीत पानेच्या पाने गिरवून घेण्याचा जो शिरस्ता सर्वत्र पडला आहे, त्याच्यामुळे बोटे दुखतात. कान तयार होत नाहीत. आणि वाचनाची पहिली तयारी कानाचीच असते. ब्रॅडली व ब्रायंट यांनी १९८३ साली दाखवून दिले की, यमके व आद्य ध्वनी ओळखण्याचा सराव मिळालेली मुले पुढे वाचनात सरस ठरतात.

हा सराव आपल्याकडे शब्दांच्या भेंड्यांच्या रूपाने आयताच उपलब्ध आहे. ‘कमल’ शब्दाचे शेवटचे अक्षर तोडून काढल्याशिवाय खेळ पुढे सरकतच नाही. आणि ‘मित्र’ शब्दावर डाव येताच ‘त्र’ घ्यावा की ‘र’, असा तंटा हमखास माजतो. बालवाडीच्या बाईंनी त्याचा निवाडा घाईने करू नये. एक पक्ष अक्षर अखंड ठेवू पाहतो, दुसऱ्याने त्यातला ध्वनी वेगळा काढलेला असतो, आणि लिपी शिकताना मुलाला या दोन्ही गोष्टी करावयाच्या असतात.