नव्या संगणकावर जुने खेळ

पनवेलच्या घराघरांतून गेल्या पंचवीस-तीस वर्षांत संगणकांच्या किती पिढ्या होऊन गेल्या, याची गणती कोणी ठेविली नसेल. १९९८ सालीं हार्बर मार्गावरील लोकल पनवेलपर्यंत येऊं लागली, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून संगणक जोडून घेणें बरेंच सोयीचें झालें. त्या यंत्रावर वडील मंडळींनीं हिशेब मांडले असतील, पत्रें लिहिलीं असतील; मुलांनीं मात्र मुख्यतः खेळच खेळले. 'डेंजरस डेव्ह', 'प्रिन्स ऑफ पर्शिया', 'रोड रॅश' हीं नांवें त्या शाळकरी पिढीला पाढ्यांपेक्षां अधिक पाठ होतीं. तीं मुलें आतां चाळिशीला आलीं. माळ्यावरच्या खोक्यांत एखादी जुनी फ्लॉपी किंवा सीडी सांपडली, कीं आपल्या मुलांना तो खेळ दाखवावा अशी हौस त्यांना वाटते. आणि अनुभव असा येतो, कीं जुन्या यंत्राहून हजारों पटींनीं सामर्थ्यवान असें नवें यंत्र तो एवढासा खेळ चालविण्यास साफ नकार देतें.

या नकाराचें कारण समजण्यासाठीं खेळ लिहिला गेला तेव्हांची व्यवस्था ध्यानांत घेतली पाहिजे. १९८१ सालीं आयबीएमचा वैयक्तिक संगणक आणि त्याबरोबर मायक्रोसॉफ्टची डॉस ही प्रणाली निघाली. डॉसमध्यें एका वेळीं एकच आज्ञावली चाले, आणि ती चालू असेपर्यंत सारें यंत्र तिच्या हवालीं असे. पडद्यावर चित्र उमटवावयाचें, तर खेळ थेट पडद्याच्या स्मृतींत रंग लिहीत असे. आवाज काढावयाचा, तर ध्वनिकार्डाचें दार स्वतःच ठोठावीत असे. हा वाड्याच्या एकट्या मालकाचा थाट झाला. आजची विंडोज ही गृहनिर्माण सोसायटीसारखी आहे. अनेक बिऱ्हाडें एकत्र नांदावयाचीं, म्हणून पाण्याची मुख्य चावीसुद्धां चिटणीसाला विचारल्यावांचून कोणास फिरवितां येत नाहीं. अशा ठिकाणीं जुना वाडेकरी आला, कीं त्याला दारावरच थांबावें लागतें.

शिवाय हे खेळ १६ बिटांच्या रीतीनें लिहिलेले. ३२ बिटांच्या विंडोजमध्यें डॉसच्या आज्ञावल्यांसाठीं एक वेगळी सोय राखलेली होती. ६४ बिटांच्या विंडोजमध्यें ती ठेवलीच नाहीं, आणि २०२१ सालीं आलेली विंडोज ११ तर केवळ ६४ बिटांचीच आहे. विंडोज ९५ च्या काळांतील कांहीं सीड्यांची गंमत अशी, कीं आंतील खेळ ३२ बिटांचा असून चालण्याजोगा असतो, पण तो यंत्रावर बसविणारी आज्ञावली १६ बिटांची असल्यामुळें वरात मांडवाच्या बाहेरच राहते.

आणि समजा, खेळ सुरू झालाच, तरी गतीचा प्रश्न उरतो. आयबीएमच्या पहिल्या संगणकाचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झचा होता. अनेक आरंभींच्या खेळांनीं काळ मोजण्यासाठीं घड्याळाकडे न पाहतां 'अमुक इतके आंकडे मोज, मग पुढचें पाऊल टाक' असा हिशेब ठेविला होता. नवा प्रोसेसर ते आंकडे क्षणार्धांत मोजून मोकळा होतो, आणि खेळांतील वीर डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत खड्ड्यांत पडतो. जुन्या संगणकांच्या पुढील बाजूस 'टर्बो' नांवाचें एक बटण असे. नांवावरून तें वेग वाढविणारें वाटे. त्याचा खरा उपयोग अशा खेळांसाठीं यंत्राचा वेग कमी करण्याचा होता.

यावरचा प्रचलित उपाय म्हणजे नव्या संगणकाला जुन्याचें सोंग घ्यावयास लावणें. २००२ पासून विनामूल्य मिळूं लागलेली 'डॉसबॉक्स' ही आज्ञावली असाच एक बहुरूपी आहे. ती विंडोजच्या आंत एक लहानशी खिडकी उघडते, आणि त्या खिडकींत जुना प्रोसेसर, जुना पडदा, साउंड ब्लास्टरसारखें ध्वनिकार्ड या साऱ्यांची हुबेहूब नक्कल उभी करते. खेळाला वाटतें आपण आपल्याच वाड्यांत आहोंत. खेळाच्या मूळ लेखनांत एका अक्षराचाही फरक करावा लागत नाहीं, हें या युक्तीचें विशेष. कृति अवघड नाहीं. खेळाच्या सर्व फाइली एका फोल्डरमध्यें ठेवाव्या. डॉसबॉक्सला 'माउंट' या आज्ञेनें तें फोल्डर म्हणजेच 'सी' ड्राइव्ह असें सांगावें. मग त्या ड्राइव्हवर जाऊन खेळाचें नांव टंकावें. खेळ फार धांवूं लागला, तर कंट्रोल आणि एफ ११ या कळा एकदम दाबाव्या, वेग उतरतो. रेंगाळला तर कंट्रोल आणि एफ १२. 'डेंजरस डेव्ह' आणि 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या दोहोंच्या १९९० सालच्या डॉस-आवृत्त्या या मार्गानें सुखेनैव चालतात.

कांहीं साहसकथात्मक खेळांसाठीं 'स्कमव्हीएम' हा निराळा मार्ग २००१ सालीं निघाला. त्यांत जुनें यंत्र उभें करीत नाहींत. खेळ चालविणारा गाभाच नव्यानें लिहितात आणि जुन्या सीडीवरून फक्त चित्रें, संवाद व संगीत उचलतात.

सर्वांत हट्टी प्रकार मात्र १९९५ नंतरच्या सीड्यांचा. नकला होऊं नयेत म्हणून त्यांपैकीं कित्येकांवर 'सेफडिस्क' नांवाचें कुलूप घातलेलें असे, आणि तें उघडणारा भाग विंडोजमध्येंच राहत असे. त्यांत सुरक्षिततेची उणीव आढळल्यामुळें मायक्रोसॉफ्टनें २०१५ सालीं विंडोज १० मध्यें तो भाग घेतलाच नाहीं. पैसे मोजून घेतलेली अस्सल सीडी त्यामुळें चालेनाशी झाली, आणि कुलूप मोडून केलेली चोरटी नक्कल मात्र चालत राहिली. प्रामाणिक ग्राहकावर हा अन्यायच होय. २००८ पासून 'जीओजी' या पोलंडमधील दुकानानें जुने खेळ कुलुपावांचून, आणि जरूर तेथें डॉसबॉक्ससह, विकण्यास आरंभ केला, त्याचें स्वागत झालें तें यामुळेंच.

परंतु हे सारे उपाय फ्लॉपी वाचतां आली तरच कामाचे. आणि पनवेलसारख्या खाडीलगतच्या गांवीं खरें संकट तेथेंच आहे. जून ते सप्टेंबर हवा दमट असते. चुंबकीय थरावर बुरशी धरते, ठसे फिके होतात, आणि बुरशीची फ्लॉपी ड्राइव्हमध्यें घातली तर ती ड्राइव्हचें वाचणारें टोंकही घाण करून पुढच्या चांगल्या फ्लॉपीचा घात करते. याच पनवेलमध्यें २०२० सालीं योट्टाचें प्रचंड डेटा सेंटर सुरू झालें. तेथें यंत्रांसाठीं हवेचें तपमान आणि आर्द्रता अहोरात्र राखली जाते. माळ्यावरच्या खोक्याला असा राखणदार नाहीं. खुद्द 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चे कर्ते जॉर्डन मेकनर यांनाही आपली मूळ आज्ञावली हरवली असें वाटत होतें. २०१२ सालीं त्यांच्या वडिलांना कपाटाच्या मागील बाजूस त्या फ्लॉप्यांचें खोकें सांपडलें, आणि जाणत्यांच्या साह्यानें त्या वाचतां आल्या. सर्वांचेंच नशीब असें बलवत्तर असेल असें नाहीं.

म्हणून खेळ चालविण्याच्या आधीं त्याची प्रत करून घ्यावी. भारतीय कॉपीराइट कायद्याचें कलम ५२ कायदेशीर प्रत बाळगणाऱ्यास, ती नष्ट होण्याच्या भीतीस्तव, स्वतःच्या उपयोगापुरती राखीव प्रत करूं देतें. एका फ्लॉपीवरून साऱ्या वर्गानें उतरून घेतलेल्या खेळाला, म्हणजे त्या काळच्या पुष्कळशा संग्रहाला, हें संरक्षण लागू नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. साडेतीन इंची फ्लॉपीसाठीं यूएसबीला जोडावयाचा ड्राइव्ह मिळतो. सव्वापांच इंची मोठ्या फ्लॉपीसाठीं मात्र जुन्या संगणकांतील चालू ड्राइव्हच शोधावा लागतो. तेव्हां खोक्यांत तशी एकही फ्लॉपी असेल, तर ती उतरून घेईपर्यंत तें धूळ खात पडलेलें यंत्र भंगारवाल्याच्या हातीं देऊं नये.