मोटारगाडीच्या भोंग्याची दुरुस्ती

मोटारगाडी येत असल्याची सूचना पादचाऱ्यांस, गुरांस व इतर वाहनचालकांस देणाऱ्या ध्वनिसाधनाला भोंगा किंवा हॉर्न म्हणतात. प्रारंभीच्या मोटारींवर रबरी फुगा दाबून पितळी कर्ण्यातील जिभली वाजविण्याची योजना असे. १९०८ मध्ये मिलर रीस हचिसन या अमेरिकन संशोधकांनी क्लॅक्सन हा भोंगा तयार केला. त्यात पोलादी पटलाच्या मध्यावरील गुंडीवर दातेरी चाक घासून कर्कश ध्वनी निघे. पुढे विद्युत् चुंबकाने पटल कंपित करणारा आटोपशीर व स्वस्त भोंगा सर्वत्र रूढ झाला. प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात तयार झालेल्या फियाट ११०० व प्रीमिअर पद्मिनी, तसेच हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बॅसडर (उत्पादन २०१४ पर्यंत) या गाड्यांवर याच तत्त्वाचे भोंगे आढळतात. पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सींतूनही निवृत्त झाली. अशा जुन्या गाड्यांचे मूळ सुटे भाग मिळणे अवघड झाल्यामुळे भोंगा बदलण्यापेक्षा तो दुरुस्त करण्याला महत्त्व आले आहे.

रचना व कार्य : पोलादी वाटीसारख्या कवचात विद्युत् चुंबकाचे वेटोळे असते व वाटीच्या तोंडावर पातळ पोलादी पटल बसविलेले असते. पटलाच्या मध्यावर लोखंडी धात्र जोडलेले असते. वेटोळ्याशी एकसरीत टंगस्टनाच्या संस्पर्शकांची एक जोडी असून एरवी ते एकमेकांस टेकलेले असतात. कळ दाबताच प्रवाह सुरू होऊन धात्र आत ओढले जाते. ते आत जाताना संस्पर्शक विलग करते, त्यामुळे प्रवाह खंडित होतो व पटल स्वतःच्या लवचिकपणामुळे परत येते. संस्पर्शक पुन्हा टेकतात आणि हेच चक्र सेकंदास काही शे वेळा घडते. संस्पर्शकांमधील ठिणगी कमी करण्यासाठी त्यांना समांतर एक धारित्र किंवा रोधक जोडतात. काही भोंग्यांत पटलापुढे धातूची चकती असते व तिच्यामुळे आवाजाला धार येते. काहींत शंखासारखी वळलेली नळी असून तिच्यातील हवेचा स्तंभ कंप पावल्याने आवाज गोड व भरदार होतो. असे दोन भोंगे, एक उंच व एक खालच्या स्वराचा, जोडीने बसवितात. घटमालेची धन व ऋण टोके उलट जोडली गेली तरी साधा विद्युत् चुंबकी भोंगा वाजतोच.

दोषाचा शोध : भोंगा वाजेनासा झाला की तोच बिघडला असे समजण्याकडे सामान्य कल असतो, परंतु दोष पुष्कळदा विद्युत् मंडलात असतो. म्हणून प्रथम भोंग्याच्या तारा सोडवून घटमालेपासून दोन स्वतंत्र तारांनी त्याला थेट प्रवाह द्यावा. तो खणखणीत वाजला, तर त्याला हात लावण्याचे कारण नाही. मग वितळतार, अभिचालित्र, सुकाणू चक्रावरील कळ आणि गाडीच्या सांगाड्यातून होणारी परतीची जोडणी हे टप्पे क्रमाने तपासावेत.

यांपैकी शेवटचा टप्पा सर्वांत फसवा होय. भोंगा सु. ४ अँपिअर प्रवाह घेतो असे मानल्यास, गंजलेल्या सांध्याचा रोध केवळ अर्धा ओहम असला तरी १२ पैकी २ व्होल्ट तेथेच खर्ची पडतात व भोंगा घोगरा वाजतो किंवा मुका राहतो. त्याच सांध्यातून तपासणीचा छोटा दिवा मात्र उजळतो, कारण त्याला ०.२ अँपिअर पुरतो व एवढ्या प्रवाहाला दाबाची घट जेमतेम ०.१ व्होल्ट होते. दिवा लागला म्हणजे जोडणी ठीक, या समजुतीने अनेक निर्दोष भोंगे फेकले गेले आहेत. विद्युत् दाब मोजावयाचा तो कळ दाबलेली असतानाच व प्रत्यक्ष भोंग्याच्या टोकांवर मोजावा.

गोंदिया जिल्ह्यासारख्या (१९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्याचा भाग) तलावांच्या, वनांच्या व भातशेतीच्या प्रदेशात हा दोष सहज संभवतो. पावसाळ्यातील दीर्घकाळचा ओलावा व चिखल सांध्यांत मुरतो, आणि भातगिरण्यांच्या परिसरातील कोंड्याची धूळ ओल धरून ठेवते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली, तर शंखाकृती नळीत कुंभारीण माशी मातीचे घरटे करते. असा भोंगा आतून धडधाकट असूनही दबक्या आवाजात वाजतो. सांधा पत्रा चकाकेपर्यंत घासून, घट्ट आवळून वर ग्रीजचा हात दिला की बहुतेक वेळा काम भागते.

कळ न दाबता भोंगा वाजत राहणे हा याच्या उलट दोष होय. सुकाणू दांड्यातील तारेचे आवरण झिजून ती धातूला टेकलेली असते किंवा अभिचालित्राचे संस्पर्शक चिकटलेले असतात. अशा वेळी आधी भोंग्याची तार काढावी, अन्यथा वेटोळे जळते. वितळतार वारंवार जात असेल, तर तिच्या जागी जाड तार घालण्याची रूढ पद्धत घातक आहे. त्याने दोष जात नाही, मात्र तारांचा जुडगा पेटू शकतो.

भोंग्याची उघडणी : थेट प्रवाह देऊनही आवाज न आल्यास दोष आत आहे. एकदाच ‘टक्‌’ असा आवाज येऊन वेटोळे तापत असेल, तर संस्पर्शक विलग होत नाहीत असे समजावे. मुळीच प्रवाह वाहत नसेल, तर ते काजळलेले असतात किंवा वेटोळे तुटलेले असते. जुन्या भोंग्यांचे कवच स्क्रू किंवा रिव्हेट यांनी जोडलेले असल्याने ते उघडता येते. अलीकडच्या बऱ्याच भोंग्यांचे कवच कडा दुमडून कायमचे बंद केलेले असते. रिव्हेट छिद्रकाने काढून त्यांऐवजी नट-बोल्ट वापरतात. संस्पर्शक बारीक कानशीने घासून स्पिरिटने पुसावेत. घासकागदाचे खडे मध्ये रुतून बसतात, म्हणून तो टाळावा. पटल व कवच यांमधील कागदी गास्केट नवे घालताना मूळ जाडीचेच घ्यावे, कारण धात्र व चुंबक यांमधील फट त्यावर ठरते. पटलाला चीर गेली असल्यास इलाज नाही.

जुळणीनंतर मागील बाजूचा संयोजन स्क्रू फिरवून आवाज बसवितात. बहुतेक भोंग्यांत तो डावीकडे फिरवीत आवाज जेमतेम बंद होईपर्यंत आणतात व तेथून पाव फेरा उजवीकडे नेतात. मध्यावरील खाच असलेला गाभा मात्र हलवू नये. तो एकदा सरकला की कारखान्यात राखलेली फट पुन्हा साधणे कठीण जाते. भोंगा लवचिक पट्टीवर, तोंड खाली करून व बॉनेटला न टेकेल असा बसवावा. पट्टीऐवजी थेट पत्र्यावर घट्ट आवळलेला भोंगा चिरकतो, आणि हा दोष उगीचच पटलाच्या माथी मारला जातो.

मूळ भोंगा बदलून सुरावटीचा भोंगा बसविण्याची हौस पुष्कळांना असते. परंतु केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम ११९ अन्वये एकापाठोपाठ निरनिराळे स्वर काढणाऱ्या किंवा अवाजवी कर्कश भोंग्यांना मनाई आहे. २०१३ मध्ये घोषित झालेल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात तर पर्यटकांच्या गाड्यांनी भोंगा वाजविणेच वर्ज्य आहे. त्यामुळे कळेच्या तारेचे आवरण झिजलेली जुनी जीप तेथे नेण्यापूर्वी ती तार बदलणे आवश्यक ठरते.