संशोधन संस्थेत संगणकाची शिकवणी कशाला?

पेशींच्या विभाजनात भाग घेणाऱ्या एका जनुकाचे नाव पूर्वी ‘सेप्ट२’ होते. एक्सेलच्या तक्त्यात ते टाइप केले की संगणक त्याला २ सप्टेंबर समजून परस्पर तारीख करून टाकायचा. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१६ मध्ये जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेले शोधनिबंध तपासले, तेव्हा सुमारे एक पंचमांश निबंधांत जनुकांच्या नावांच्या अशा चुका सापडल्या. पुढे अशा जनुकांची नावेच बदलावी लागली. ‘सेप्ट२’चे ‘सेप्टिन२’ झाले.

रुग्णांच्या नोंदींत गफलत झाली तर परिणाम लगेच दिसतात. कोविडच्या साथीत, सप्टेंबर २०२० च्या अखेरीस, इंग्लंडमध्ये १५,८४१ बाधितांच्या नोंदी रोजच्या आकडेवारीत वेळेवर आल्याच नाहीत. जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये ६५,५३६ ओळींच्या पुढे जागा नसते. त्यापुढची माहिती गळाली. बाधितांना आपले अहवाल मिळाले होते. पण त्यांच्या संपर्कातील लोकांना सावध करायला उशीर झाला.

अशा चुका हुशार, कष्टाळू माणसांच्या हातूनही होतात. त्यांनी विषय शिकलेला असतो, रोजच्या वापराचे अवजार मात्र कोणी शिकवलेले नसते. ही उणीव ओळखून अमेरिकेतील लॉस अलामोस राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९९८ मध्ये ग्रेग विल्सन आणि ब्रेंट गोर्डा यांनी तिथल्या शास्त्रज्ञांसाठी आठवडाभराचा संगणकवर्ग घेतला. त्यातून ‘सॉफ्टवेअर कार्पेंट्री’ हा उपक्रम उभा राहिला. कार्पेंट्री म्हणजे सुतारकाम. आता त्याच्या कार्यशाळा साधारण दोन दिवसांच्या असतात, स्वयंसेवक शिकवतात आणि पाठ इंटरनेटवर मोफत आहेत. शिकणारा अडला की लॅपटॉपवर एका रंगाची चिठ्ठी लावतो, काम जमले की दुसऱ्या रंगाची. साहेबांसमोर ‘मला येत नाही’ म्हणण्याचा संकोच उरत नाही.

त्यांच्याच जोडीच्या ‘डेटा कार्पेंट्री’तले तक्त्यांचे धडे साधे आहेत. एका चौकटीत एकच माहिती लिहावी. म्हणजे रक्तदाब ‘१२०/८०’ असा एकत्र न लिहिता दोन रकान्यांत लिहावा. तारखेचा दिवस, महिना आणि वर्ष वेगवेगळे नोंदवावे. नाहीतर ५/४ म्हणजे आपल्याकडे ५ एप्रिल, तर अमेरिकेत ४ मे. मूळ फाइल तशीच जपून तिच्या प्रतीवर काम करावे. केवळ रंग भरून अर्थ सुचवू नये.

मोफत वर्गालाही किंमत असते, ती वेळेची. ती कर्मचाऱ्याच्या सुटीतून वसूल केली तर वर्ग ओस पडतात. म्हणून संस्थेने असे वर्ग कामाच्या वेळेतच घ्यायला हवेत आणि त्यात शास्त्रज्ञांइतकेच स्थान तंत्रज्ञ व नोंदी करणाऱ्या कर्मचाऱ्यांनाही द्यायला हवे. हात धुणे जसे रुग्णालयातल्या प्रत्येकाला शिकवावे लागते, तसेच हे आहे. रुग्णाचा आकडा संगणकात पहिल्यांदा जातो तो बहुधा याच कर्मचाऱ्यांच्या हातून, आणि तिथे झालेली चूक पुढे कितीही मोठ्या शास्त्रज्ञाच्या नजरेतून सुटू शकते.