मुलांच्या चालीनें

ज्या देशांत हिवाळ्यांत बर्फाचे थरावर थर पडतात, तेथील लोक सुटीच्या दिवशीं शेगडीपाशीं बसून राहत नाहींत. पायांस लांब व अरुंद फळ्या बांधून कुटुंबेंच्या कुटुंबें बर्फावरून घसरत हिंडावयास निघतात. या खेळास स्कीइंग म्हणतात. नॉर्वे देशांत तर नुकतीं कोठें चालूं लागलेलीं मुलेंही आईबापांबरोबर ह्या फळ्यांवर उभीं राहतात. आपल्या देशांत काश्मीरांतील गुलमर्ग व गढवालांतील औली येथें हा खेळ चालतो. सोलापूरच्या मुलास मात्र बर्फ दिसावयाचा तो गोळेवाल्याच्या गाडीवरच!

तथापि त्या लोकांपासून एक गोष्ट शिकण्याजोगी आहे. डोंगरांत व बर्फांत जाणाऱ्यांसाठीं नॉर्वेंत १९५२ सालीं कांहीं नियम प्रसिद्ध झाले. त्यांपैकीं एकाचा आशय असा, कीं वेळींच मागें फिरावें. मागें फिरण्यांत कमीपणा नाहीं. लहान मुलांस घेऊन बाहेर पडणाऱ्यानें हा नियम नित्य ध्यानांत ठेवावा. तो नवा आहे असेंही नाहीं. उत्पत्तीच्या पुस्तकांत एसावानें बरोबर चालण्याचा आग्रह केला असतां याकोबानें तो नम्रपणें नाकारला. मुलें सुकुमार आहेत, एक दिवस जरी फार दामटलें तरी कळप मरेल, याकरितां आपण गुरांच्या व मुलांच्या चालीनें हळूहळू येऊं, असें त्यानें सांगितलें. सहलीचें सर्व शास्त्र या एका उत्तरांत आलें.

आपणांस बर्फ नसला तरी एक दिवसांत जाऊन येण्याजोगीं सुंदर स्थळें आहेत. त्यांत नळदुर्गाचा किल्ला मुलांस फार आवडतो. हैदराबादच्या रस्त्यावर सोलापुरापासून सुमारें ५० किलोमीटरांवर, धाराशिव जिल्ह्यांतील तुळजापूर तालुक्यांत तो आहे. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दींत (१५८०–१६२७) येथें बोरी नदीस बांध घालून त्याच्या पोटांत पाणीमहाल बांधला. चांगला पाऊस होऊन नदी भरली म्हणजे बांधाच्या माथ्यावरील दोन वाटांनीं पाणी महालापलीकडे झेप घेतें. या दोन धबधब्यांस नर व मादी अशीं नांवें आहेत. आंत उभें राहून खिडकींतून पाहिलें असतां समोरून पाणी कोसळत असतें आणि आपण मात्र कोरडे! हें कसें घडतें हा प्रश्न सात वर्षांचें मूल आपण होऊन विचारतें. त्या एका प्रश्नासाठींच ही सहल करावी.

आतां तयारीविषयीं. मुलांचें शरीर म्हणजे मोठ्या माणसाची लहान प्रत नव्हे. वजनाच्या मानानें त्यांची कातडी अधिक असते. म्हणून थंडींत तीं लवकर गारठतात आणि उन्हांत लवकर तापतात. त्यांस घामही मोठ्यांच्या मानानें कमी येतो. आपल्याकडे चैत्र-वैशाखांत पारा ४० अंशांच्या वर जातो; त्या दिवसांत मुलांस किल्ल्यावर नेऊंच नये. श्रावण-भाद्रपदांत पाणी पाहावें, मार्गशीर्ष-पौषांत किल्ला पाहावा. एस. टी. ची सकाळची पहिली गाडी धरावी, म्हणजे ऊन चढण्यापूर्वीं निम्में पाहून होतें.

पाणी घरचें व भरपूर न्यावें. मुलानें मागण्याची वाट न पाहतां तें थोडथोडें देत जावें. तोंड कोरडें पडलें, लघवी गडद पिवळी झाली, रडतांना डोळ्यांस पाणी येईना, किंवा खेळकर मूल गप्प बसलें, तर सहल तेथेंच थांबवावी. सावलींत बसवून अंग ओल्या कापडानें पुसावें व पाणी पाजावें. सुस्ती न उतरल्यास विलंब न लावतां डॉक्टरांकडे न्यावें. भाकरी व शेंगांची चटणी मोठ्यांस पुरे. मुलांसाठीं दहीभात उत्तम. भातांत दूध घालून विरजणापुरतेंच दहीं कालवलें म्हणजे तो दुपारपर्यंत आंबत नाहीं.

किल्ल्यांत बांधाच्या माथ्यावर व बुरुजांच्या कडेस मुलाचा हात क्षणभरही सोडूं नये. पावसाळ्यांत दगडांवर शेवाळ असतें, तेथें धांवूं देऊं नये. विद्यार्थिमित्रांनो, हें काम तुमचें आहे! धाकट्या भावंडाचें बोट ज्याच्या हातीं, तोच त्या दिवशींचा खरा पुढारी.

या बाबतींत माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतों. पांच वर्षांच्या भाच्यास घेऊन आम्ही नळदुर्गास गेलों होतों. पाणीमहाल पाहून तो अगदीं हरखून गेला. तेथेंच आम्हीं परत फिरावयाचें. परंतु इतक्या दूर येऊन उपळी बुरूज चढल्यावांचून जाणें मला पटेना. अर्ध्या पायऱ्यांवर खालीं पाहून तो भेदरला. त्याची भीति मोडावी म्हणून मीं त्यास हाताशीं धरून वर नेलेंच. वर पोहोंचल्यावर मी त्यास तोफा दाखवीत होतों, आणि तो डोळे घट्ट मिटून उभा होता. पुढील वर्षीं सहलीचें नांव काढतांच तो आजीच्या पदराआड लपला. दोष त्याचा नव्हता.

दोन वर्षांनीं मोठ्या मिनतवारीनें तो पुन्हा आला. या खेपेस पाणीमहाल पाहिला, झाडाखालीं दहीभात खाल्ला आणि दुपार होतांच आम्ही परतीची वाट धरली. दरवाजापाशीं तो मागें वळून म्हणाला, "मामा, तो बुरूज राहिला कीं!" मीं म्हटलें, "पुढच्या वेळीं जाऊं."

त्यापुढील खेपेस तो बुरुजाच्या पायऱ्या आपल्या पायांनीं चढला. मी त्याच्या मागून चढत होतों.