जर्मनीत कमी पैशांत टिकाऊ माउंटन बाइक घेताय? मग हार्डटेलच घ्या

जर्मनीत शिकायला आलेल्यांचं बजेट साधारण 500 युरोंच्या आत असतं. त्या पैशांत पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली नवी सायकल मोहात पाडते, पण माझं स्पष्ट मत आहे: फक्त पुढे सस्पेन्शन असलेली हार्डटेलच घ्या, मग ती वापरलेली का असेना. मागचा शॉक आणि सांध्यांची बेअरिंग्ज यांवर खर्च झाला की तेवढी काटकसर चाकं, ब्रेक आणि गिअरमध्ये होते, आणि सायकल आधी तिथेच दगा देते. मागचं चाक जरूर तपासा. स्वस्त सायकलींत मागची गिअरचक्रं म्हणजे हबवर आटे फिरवून बसवलेलं फ्रीव्हील असतं. त्यात उजवीकडचं बेअरिंग फ्रेमपासून आत राहतं, त्यामुळे खडबडीत वाटेवर एक्सल वाकतो किंवा तुटतो. हबचाच भाग असलेल्या फ्रीहबवर सरकवून बसवलेली गिअरचक्रं, म्हणजे कॅसेट, असेल तर बेअरिंग कडेला येतं आणि एक्सलला आधार मिळतो. माझ्या मते गिअरच्या संख्येपेक्षा हे कितीतरी महत्त्वाचं आहे.

हार्डटेलवर पाठीला हादरे बसतात, हा आक्षेप खरा आहे. पण सव्वादोन इंच रुंदीच्या टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवली तर जंगलातल्या साध्या वाटांवर ते बरेच कमी होतात. जुनी सायकल म्हणजे जोखीम, हेही खरं; खाजगी विक्रेता दोषांची जबाबदारी नाकारू शकतो. दुकानदाराला मात्र वापरलेल्या मालावरची कायदेशीर जबाबदारी एक वर्षाखाली आणता येत नाही. म्हणून थोडे जास्त पैसे देऊन दुकानातूनच घ्या, आणि फ्रेम नंबर बिलावर लिहून घ्या.